चर्चच्या हॉलमध्ये इमिग्रेशनचा विषय निघाला की काय करायचं: एक कामचलाऊ गाईड

आधी काय झालं ते सांगते म्हणजे हे का लिहितेय ते कळेल. न्यू जर्सीत आमच्या चर्चमध्ये रविवारी दहाच्या मिस्सानंतर खाली हॉलमध्ये कॉफी आणि डोनट असतात, आणि डोनटच्या टेबलावर एक ऐंशीच्या घरातले इटालियन आजोबा असतात, गेली कित्येक वर्षं तेच, माझ्या मुलाला न विचारता चॉकलेटवाला डोनट काढून ठेवतात इतके प्रेमळ. तर मागच्या वर्षी एकदा टीव्हीवरच्या कुठल्यातरी बातमीवरून विषय निघाला आणि आजोबा मोठ्याने म्हणाले, "माझे आजोबा कायद्याने आले होते, बोटीतून उतरले, रांगेत उभे राहिले." बाजूलाच एक ग्वातेमालाची बाई उभी होती, वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करून आणते ना ती. ती काही बोलली नाही. कप टेबलावर ठेवला, अर्धी कॉफी तशीच, आणि मुलीचा हात धरून गेली.

आणि मी काय केलं? नॅपकिन सरळ केले. खरंच सांगते, नॅपकिनची गड्डी होती ती नीट रचली. बाकीचे दहा-बारा जण पण असंच काहीतरी करत होते.

त्यानंतर मी जरा वाचायला, विचारायला लागले, फादरांचं डोकं खाल्लं, दोन-तीनदा तोंडावर आपटले, आणि त्यातून जे उपयोगी वाटलं ते इथे टाकतेय. आपल्या लोकांसाठी, म्हणजे वसई-मुंबई-गोव्याकडून इकडे आलेले कॅथलिक, ज्यांच्या चर्चमध्ये अर्धे लोक एका पक्षाचे आणि अर्धे दुसऱ्या पक्षाचे आहेत आणि व्हॉट्सअपवर घरचेही तसेच वाटले गेलेत. कोणाला मत द्यावं ते मी सांगणार नाही, माझ्याकडे मताचा हक्कच नाही, आम्ही अजून ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत.

सगळ्यात आधी स्वतःचं तोंड आठवा

हे कोणाला आवडत नाही पण इथूनच सुरू करायचं. मी वसईची. लहानपणी आमच्याकडे केळीची वाडी, पानवेली, विहीर, आणि मग बघता बघता स्टेशनच्या बाजूने बिल्डिंगी आल्या, चाळी आल्या, पाणी कमी पडायला लागलं, लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी एकच विषय, "बाहेरचे आले आणि सगळं बिघडलं." मीही म्हणायचे. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, आमच्याच चाळीतल्या भाडेकरूला उद्देशून काय काय बोललोय ते आज लिहिलं तर लाज वाटेल. आणि त्या बोलण्यात सगळंच खोटं नव्हतं हे पण सांगते, पाणी खरंच कमी पडलं होतं, जमिनी खरंच गेल्या होत्या.

तर करायचं असं की एक कागद घ्या आणि आपण आयुष्यात "बाहेरच्यां"बद्दल जी वाक्यं बोललोय त्यातली चार-पाच लिहून काढा, कोणाला दाखवायची नाहीत. मग त्यातली भीती कुठली आणि तुच्छता कुठली ते वेगळं करा. भीतीला उत्तर असतं (पाण्याला पाइपलाइन असते), तुच्छतेला फक्त पापनिवेदन. हे केल्याशिवाय दुसऱ्याशी वाद घालायला गेलात तर पाच मिनिटांत तुम्ही उपदेश करायला लागता, आणि समोरचा माणूस कान बंद करतो. मी गेले होते, मला माहितीय.

लेवीय १९:३४ मध्ये तेच आहे बघा, उपऱ्यावर आपल्यासारखीच प्रीती करा कारण तुम्हीही मिसर देशात उपरे होता. तुम्ही चांगले आहात म्हणून करा असं म्हटलेलं नाहीये, तुम्ही उपरे होता म्हणून करा असं म्हटलंय.

मग २२४१ पूर्ण वाचा, पूर्ण म्हणजे पूर्ण

कॅथलिक शिकवणुकीचा जो मोठा ग्रंथ आहे ना, कॅटेकिझम, त्यात परिच्छेद क्रमांक २२४१ इमिग्रेशनवर आहे. छोटासा आहे, दोन मिनिटं लागतात. गंमत अशी की चर्चमधल्या जवळजवळ प्रत्येक वादात हा परिच्छेद येतो आणि प्रत्येक जण अर्धाच आणतो.

पहिला भाग म्हणतो की ज्या देशांकडे जास्त आहे त्यांनी, जितकं जमेल तितकं, अशा परक्याला घ्यायचं की ज्याला स्वतःच्या देशात सुरक्षितता आणि पोटापाण्याचं साधन मिळत नाही. ही कृपा म्हणून नाही, बांधीलकी म्हणून. दुसरा भाग म्हणतो की सरकारला सगळ्यांच्या भल्याचा विचार करून येणाऱ्यांवर कायदेशीर अटी घालता येतात. आणि तिसरं, येणाऱ्यानेही काहीतरी द्यायचंय, त्या देशाच्या वारशाचा आदर, कायदे पाळणं, सार्वजनिक ओझ्यात आपला खांदा.

आता "जितकं जमेल तितकं" या तीन शब्दांवर सगळं भांडण आहे. एक म्हणतो एवढा श्रीमंत देश, अजून जमेल, दुसरा म्हणतो आमच्या गावाची शाळा बघ, नाही जमत. ठीक आहे, यावर भांडा, यावर भांडायला चर्चची परवानगी आहे. पण पहिला भाग नाहीच असं धरून चालता येत नाही आणि दुसरा भाग नाहीच असंही धरून चालता येत नाही.

मी करते ते असं: परिच्छेदाची प्रिंट काढून ठेवलीय, घडी घालून पर्समध्ये असते. वाद सुरू झाला की ती काढते आणि म्हणते, मी मला न आवडणारा भाग वाचते, तुम्ही तुम्हाला न आवडणारा वाचा. मोठ्याने. मला कुठला आवडत नाही? दुसरा. व्हिसाच्या रांगेत बारा वर्षं असलेल्या बाईला सरकारच्या अटींचं कौतुक कुठून असणार. पण वाचते.

यात नवीन काही नाही हेही लक्षात ठेवा, कारण कोणीतरी हमखास म्हणतं की हे सगळं पोप फ्रान्सिस यांनी घुसवलं. पोप पायस बारावे यांनी १९५२ मध्ये स्थलांतरितांवर एक अख्खा दस्तऐवज काढला आणि त्यात इजिप्तला पळालेलं नाझरेथचं कुटुंब म्हणजे प्रत्येक निर्वासित कुटुंबाचा नमुना असं म्हटलं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लाखो लोक घरादाराविना होते, त्यातले कित्येक कॅथलिकच. मग १९६३ ला पोप जॉन तेविसावे यांनीही हाच विषय घेतला. २००३ मध्ये अमेरिकेच्या आणि मेक्सिकोच्या बिशपांनी मिळून एक पत्र काढलं त्यात पाच गोष्टी होत्या आणि त्यातली पहिली मला सगळ्यात आवडते कारण ती कोणीच बोलत नाही: माणसाला आपल्याच देशात राहून जगता यायला हवं. न जाण्याचा हक्क. आमच्या बाबांना विचारा, दोन मुलं गल्फला, एक इकडे, वाडीत माणूस नाही. मग दुसरी, तिथे जमलं नाही तर जाण्याचा हक्क. तिसरी, देशाला सीमा सांभाळायचा हक्क. चौथी, जीव वाचवायला आलेल्यांना संरक्षण. पाचवी, कागद नसले तरी माणूस म्हणून त्याची किंमत आणि त्याचे हक्क तेवढेच.

कुठे मतभेद चालतो आणि कुठे नाही

हे समजलं की अर्धी डोकेदुखी जाते. किती व्हिसा द्यावेत, भिंत बांधावी की कॅमेरे लावावेत, आश्रय मागणाऱ्यांच्या केसेस कशा लवकर संपवाव्यात, कंपन्यांवर किती कडक व्हावं, ही सगळी हिशोबाची कामं आहेत, यात दोन चांगले कॅथलिक दोन टोकांना असू शकतात आणि दोघेही कम्युनियनच्या एकाच रांगेत उभे राहू शकतात.

पण माणसाला कीड म्हणणं, जनावर म्हणणं, एका गुन्हेगारावरून सगळ्या जमातीला गुन्हेगार ठरवणं, माहीत असून खोटं फॉरवर्ड करणं, तहानलेल्याला पाणी नाकारणं, इथे मतभेद वगैरे काही नसतो. आठव्या आज्ञेत जी खोटी साक्ष आहे ना, ती व्हॉट्सअपलाही लागू आहे. आणि हे दोन्ही बाजूंना, बरं का. बॉर्डर पेट्रोलमध्ये, म्हणजे सीमेवर गस्त घालणाऱ्या सरकारी दलात, काम करणाऱ्या प्रत्येकाला राक्षस म्हणणंही त्यातच आलं, त्यातले बरेच जण स्वतः स्पॅनिश बोलणाऱ्या घरातले आणि रविवारी मिस्साला येणारे आहेत.

१२ नोव्हेंबर २०२५ ला बाल्टिमोरला अमेरिकेच्या बिशपांनी एक खास संदेश काढला, २१६ विरुद्ध ५ मतांनी, तीन तटस्थ. बिशप लोक आपसात किती भांडतात ते माहीत असेल तर हा आकडा किती मोठा आहे ते कळेल. त्यात सरसकट मोठ्या प्रमाणावर लोकांना हाकलण्याला स्पष्ट विरोध आहे आणि त्याच संदेशात देशाला सीमा सांभाळायची जबाबदारी आहे हेही आहे. दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपवर एकाने पहिलं वाक्य टाकलं आणि दुसऱ्याने दुसरं. परत २२४१.

पोप लिओ यांनी काही दिवसांनी विचारल्यावर साधारण हेच सांगितलं, की सीमा उघड्या टाका असं कोणी म्हणत नाहीये, कोण कसा कधी येतो ते ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, पण दहा-पंधरा-वीस वर्षं इथे नीट जगणाऱ्या माणसांना ज्या तऱ्हेने वागवलं जातंय ते बरोबर नाही. हे पोप शिकागोत जन्मलेले आणि आयुष्याची कितीतरी वर्षं पेरूत काढलेले, तिथलं नागरिकत्वही घेतलंय, म्हणजे स्वतः इमिग्रंटच म्हणा.

आता "आधी आपलं घर" हा मुद्दा येईलच. जानेवारी २०२५ मध्ये उपाध्यक्ष व्हान्स, जे स्वतः २०१९ मध्ये कॅथलिक झाले, त्यांनी प्रेमाच्या क्रमाची जुनी कल्पना काढली, आधी कुटुंब, मग शेजारी, मग गाव, मग देश आणि मग बाकीचं जग. कल्पना खरंच जुनी आहे, ऑगस्टीन आणि थॉमस अक्विनासपर्यंत जाते, त्यामुळे कोणी काढली तर हसू नका. पोप फ्रान्सिस यांनी १० फेब्रुवारीला अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहिलं आणि त्यात म्हटलं की प्रेमाचा खरा क्रम कळायचा असेल तर चांगल्या शमरोनीच्या दाखल्यावर सतत मनन करा. मला घरगुती भाषेत असं समजलं: माझ्या मुलाला आधी जेवायला घालायचं हे बरोबरच आहे, पण रस्त्यात पडलेला माणूस दिसला तर "माझ्या यादीत तुझा नंबर पाचवा" असं म्हणून पुढे जाता येत नाही. जो डोळ्यासमोर पडलाय तो त्या क्षणी यादीत वर येतो.

आजोबांशी कसं बोलले

पहिल्यांदा चुकीचं बोलले. पुढच्या रविवारी मी तयारी करून गेले, एलिस आयलंड, म्हणजे न्यूयॉर्कला बोटीने येणाऱ्यांना तपासून आत घ्यायचं केंद्र, १८९२ ला सुरू झालं, युरोपातून येणाऱ्यांना तेव्हा व्हिसा लागत नव्हता, आकड्याची मर्यादा १९२१ पर्यंत नव्हतीच, तपासणी होऊन शंभरातले साधारण दोन परत पाठवले जायचे, म्हणजे तुमच्या आजोबांची "रांग" काही तासांची होती. सगळं बरोबर. आजोबांनी ऐकलं, डोनटचं झाकण लावलं आणि म्हणाले, "सो यू आर कॉलिंग माय ग्रँडफादर अ लायर."

झालं. एक महिना चॉकलेट डोनट बंद.

मग फादरांनी मला लोयोलाच्या संत इग्नेशियसचा एक नियम सांगितला, त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात अगदी सुरुवातीला २२ क्रमांकाला आहे: दुसऱ्याच्या बोलण्याचा वाईट अर्थ काढण्यापेक्षा चांगला अर्थ काढायला जास्त तयार असावं, नाही निघाला तर त्याला विचारावं की तुला काय म्हणायचंय, आणि तरीही चूक असेल तर प्रेमाने सुधारावं. क्रम बघा, सुधारणं शेवटी आहे. मी पहिल्या फटक्यात तिथेच पोचले होते.

मग एके दिवशी नुसतं विचारलं, तुमचे आजोबा कुठून आले. आणि बाबा रे, पाऊण तास. नेपल्सच्या जवळचं गाव, बोट, कोळशाच्या वखारीत काम, आणि मग त्यांनीच सांगितलं की तेव्हा आयरिश लोकांच्या चर्चमध्ये इटालियनांना वर बसू द्यायचे नाहीत, मिस्सा खाली तळघरात. मी काही बोलले नाही. आमची स्पॅनिश मिस्सा दुपारी एक वाजता असते, एसी बंद झाल्यावर. तेही काही बोलले नाहीत, पण ते तिकडे बघत होते.

तर करायचं काय: इतिहास सांगू नका, विचारा. जवळजवळ प्रत्येक अमेरिकन कॅथलिक घरात अपमानाची एखादी गोष्ट आहेच, कारण एके काळी इथे कॅथलिक म्हणजेच "बाहेरचे", पोपचे हस्तक. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगलीत दोन कॅथलिक चर्चेस जाळली. अमेरिकेची पहिली नागरिक जी संत झाली, मदर काब्रिनी, ती इटलीहून १८८९ मध्ये न्यूयॉर्कला उतरली ती इटालियन मजुरांच्या पोरांसाठीच, आणि १९५० मध्ये तिला स्थलांतरितांची आश्रयदाती संत केलं. आजोबांच्या पाकिटात तिचं चित्र आहे. चित्र त्यांनीच दाखवलं, मी काढायला लावलं नाही.

आणि आमचे भावजी

धाकटे दीर डॅलसला असतात आणि फॅमिली ग्रुपवर सकाळी सहाला पहिला फॉरवर्ड त्यांचा. "आम्ही लाइनमध्ये उभे आणि हे मागच्या दाराने आत." आता हे आपल्या लोकांचं सगळ्यात मोठं दुखणं आहे आणि ते खरं आहे, ते खोटं आहे असं म्हणायला जाऊ नका. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, मग भारत असो की आइसलँड. त्यामुळे आपले लोक दशकं दशकं लटकलेत, आणि पोरगं लहानपणी आलेलं असलं तरी २१ वर्षांचं झालं की आईबापांच्या फाइलमधून बाहेर. भावजींची मुलगी एकोणीसची आहे. त्यांना रात्री झोप लागत नाही हे मला माहितीय.

म्हणून आधी तेच म्हणायचं. "भावजी, तुमच्यावर अन्याय होतोय." तिथे थांबायचं, पण-बिण लावायचं नाही. एक-दोन दिवसांनी, फोनवर, ग्रुपवर कधीच नाही, एवढंच सांगायचं की शेतात किंवा हॉटेलच्या किचनमध्ये काम करणाऱ्यासाठी रांगच जवळजवळ नाहीये, कमी शिक्षणाच्या कामांसाठी कायमची कार्डं वर्षाला जास्तीत जास्त १० हजार आणि तीही सगळ्या जगात मिळून. आणि १९९६ च्या कायद्याने असं केलंय की वर्षभर कागदाविना राहिलेला माणूस बाहेर पडला की दहा वर्षं परत येता येत नाही, म्हणजे परत जाऊन रांगेत उभं राहायचं म्हटलं तरी दार बंद. ज्याने आपली रांग लांबवली तो किचनमधला माणूस नाही, तो कायदा आहे, आणि तो दोन्ही पक्षांनी तसाच ठेवलाय.

भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही पण ना." म्हणजे पटलं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी फॉरवर्ड साडेसातला आला, सहाला नाही.

विश्वासू लोकांची प्रार्थना कशी लिहायची

हे माझं आवडतं काम आणि खरं सांगू का, सगळ्यात अवघड. आमच्याकडे मिस्सातल्या प्रार्थना आळीपाळीने लोक लिहितात, माझी पाळी आली तेव्हा मी पहिला खर्डा असा केला, मराठीत सांगते: "आपल्या देशातल्या क्रूर धोरणांचे बळी ठरलेल्यांसाठी, प्रभूने सत्ताधाऱ्यांची दगडाची हृदयं फोडावीत." फादरांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले ही प्रार्थना नाही, हा ट्विट आहे, देवाकडे तोंड करून शेजारच्या बाकाला ऐकवलेला.

दुसरा खर्डा घाबरून केला: "सर्व प्रवास करणाऱ्यांसाठी." हा तर सुट्टीत डिस्नेला जाणाऱ्यांनाही लागू.

तिसरा असा झाला: "आपल्या धर्मग्रामातल्या ज्या कुटुंबांना आज घराबाहेर पडायला भीती वाटते त्यांच्यासाठी, सीमेवर काम करणाऱ्या आणि कायदा राबवणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांसाठी, आणि जे कायदे करतात त्यांना न्याय आणि दया दोन्ही सुचावी म्हणून, आपण प्रभूकडे प्रार्थना करू या." यात कोणाचं नाव नाही, पण माणसं सगळी दिसतात. घासून बघायची रीत अशी की वाचताना डोळ्यासमोर एक तरी ओळखीचा चेहरा यायला हवा, आणि ज्याच्याशी आपलं पटत नाही त्यालाही "प्रभू, आमची प्रार्थना ऐक" म्हणताना घशात अडकू नये. थोडं अडकलं तर चालेल. एक जण उठून गेला हेही सांगते, आणि तो अजून त्या मिस्साला येत नाही, साडेसातच्या मिस्साला जातो.

हाताने करायची कामं

यावर फार लिहीत नाही कारण प्रत्येक चर्चचं वेगळं असतं, पण थोडक्यात. कधीच, कोणालाच, "तुझ्याकडे कागद आहेत का" विचारू नका, गरज नाही आणि माहीत असणं पण त्रासाचंच. स्पॅनिश मिस्साचे फोटो फेसबुकवर टाकू नका. चर्च-शाळा-हॉस्पिटलमध्ये शक्यतो इमिग्रेशनची कारवाई करायची नाही अशा ज्या सूचना होत्या त्या जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतल्या गेल्यात, त्यामुळे लोक किती घाबरलेत याचा अंदाज ठेवा, कॅलिफोर्नियातल्या सान बर्नार्डिनोच्या बिशपांनी तर जुलै २०२५ मध्ये अशा भीतीत असलेल्यांना रविवारच्या मिस्साच्या बंधनातून सूट दिली होती. अशा घरात कम्युनियन पोचवणारे सेवक लागतात, नाव द्या.

कायद्याचा सल्ला आपण द्यायचा नाही, कितीही गूगल केलं असलं तरी. आणि लोकांना "नोतारिओ"पासून वाचवा, लॅटिन अमेरिकेत नोतारिओ म्हणजे मोठा वकील, इथे नोटरी म्हणजे शिक्का मारणारा, या शब्दाच्या घोळात लोक हजारो डॉलर आणि केस दोन्ही घालवून बसतात. कॅथलिक चॅरिटीजच्या (चर्चची मदतसंस्था) बऱ्याच ऑफिसांमध्ये सरकारमान्य प्रतिनिधी असतात, तिकडे पाठवा. तुम्ही गाडी चालवू शकता, कोर्टाच्या तारखेला सोबत बसू शकता, पोरांना दोन तास सांभाळू शकता. मी त्या ग्वातेमालाच्या बाईच्या मुलीला गणित शिकवते, गुरुवारी, बस एवढंच. स्वतः व्हिसावर असाल तर मोर्चाला वगैरे जायच्या आधी आपल्याच वकिलाला विचारा, उगाच हिरोगिरी नको.

आणि चर्चमध्ये उमेदवाराचं नाव घ्यायचं नाही, पत्रकं वाटायची नाहीत, फादरांना ओढायचं नाही. विषयावर बोला, उमेदवारावर नाही.

डिसेंबरमध्ये पोसादा करा

भांडणाऱ्या चर्चला एकत्र आणायचा मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय हा. मेक्सिकन पद्धत आहे, १६ ते २४ डिसेंबर नऊ रात्री, मरिया आणि योसेफ घर मागत दारोदार फिरतात. अर्धे लोक दाराबाहेर उभे राहून गाण्यातून जागा मागतात आणि अर्धे आत उभे राहून गाण्यातूनच नाही म्हणतात, चोर असाल, उघडणार नाही, जा पुढे. शेवटच्या कडव्याला दार उघडतं आणि मग जेवण. भाषण कोणी करत नाही.

आम्ही गेल्या डिसेंबरला एकच रात्र केली, हॉलच्या दारावर. आतल्या लोकांना मोठा आवाज लागतो म्हणून आजोबांना आत उभं केलं, ते चर्चच्या क्वायरमधले जुने बास, म्हणजे जाड खालच्या आवाजात गाणारे. स्पॅनिश शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिले, त्यांनी ते सगळे इटालियनमध्ये म्हटल्यासारखे म्हटले. बाहेर थंडी मरणाची, ती बाई आणि तिची मुलगी पुढे, मुलगी मरिया झाली होती, डोक्यावर माझी निळी ओढणी. आतून आजोबा गडगडाटाने "जा पुढे" म्हणत होते आणि तिसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज जरा गेला, खोकला असेल. दार त्यांनीच उघडायचं होतं आणि ते नेमकं अडकलं, हिवाळ्यात फुगतं ते दार, दोघांनी आतून आणि दोघांनी बाहेरून ओढलं तेव्हा उघडलं.

त्या बाईने आजोबांकडून अजून कॉफी घेतलेली नाही, ती थर्मासमधून स्वतः ओतून घेते. आजोबांचं मत कोणाला ते मला माहीत आहे आणि ते बदललेलं नाही.

करणार असाल तर दाराच्या बिजागरीला आदल्या दिवशी तेल घाला, गाण्याचे कागद सोळाच्या फॉन्टमध्ये काढा कारण आतले सगळे म्हातारे असतात. तामाले त्या बायका करतात, तुम्ही कुलकुल न्या, पण दोन डबे जास्त करा, पहिला हॉलच्या किचनमध्येच संपतो.